आधी कल्हई, मग डिटॉक्स!

हल्ली कुठल्याही ऑफिसात जा. डेस्कवर लॅपटॉप, चार्जर, एखादं सक्युलंटचं रोपटं आणि शेजारी तांब्याची बाटली. फ्रीलान्सिंगच्या निमित्तानं महिन्याला चार-पाच ऑफिसांत माझं जाणं होतं. माझं निरीक्षण असं की, ज्याच्या डेस्कवर तांब्याची बाटली असते त्याच्याकडे तुम्हाला सांगायलाही बरंच काही असतं. डिटॉक्स होतो, स्किन ग्लो करते, वजन उतरतं, त्रिदोष बॅलन्स होतात. म्हणजे जिम, पार्लर आणि वैद्य, तिन्ही त्या एका बाटलीत!

हिंजवडीतली माझी एक एचआरवाली मैत्रीण तर याच्या एक पाऊल पुढे गेली. ती रोज रात्री त्या बाटलीत कोमट पाणी भरते, त्यात अख्खं लिंबू पिळते, चमचाभर मध घालते आणि सकाळी ऑफिसला पोचेपर्यंत घोट घोट पिते. एकदम हेल्दी, एकदम ट्रॅडिशनल. मी कौतुकानं हे आजीला सांगितलं. आजी वाटाणे सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘‘अगं, कळकेल ना ते!’’

कळकणं. हा शब्द शेवटचा कधी ऐकलात? कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंचेची आमटी, लोणचं असं काही आंबट राहिलं, की ते बिघडतं. चव विचित्र कडवट होते, कधी हिरवट झाक येते आणि पोटात गेलं तर मळमळायला लागतं. त्याला म्हणायचं कळकणं. मी इंग्रजीत यासाठी एका शब्दाचं क्रियापद शोधून पाहिलं, मिळालं नाही. आपल्याकडे मात्र आहे. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांसाठी ही रोजची, चुलीशेजारची भानगड असणार.

यामागचं शास्त्र शाळेतलंच आहे. आंबट पदार्थात तांबं हळूहळू विरघळतं. थोडं तांबं शरीराला लागतंच, पण ते दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम. रात्रभर लिंबाच्या रसात बाटली भिजत ठेवली, तर हा हिशेब कुठल्या कुठे जातो. अमेरिकेच्या अन्नसुरक्षा नियमांत तर स्पष्ट लिहिलं आहे, की ज्या पदार्थाचा पीएच सहाच्या खाली आहे त्याचा तांब्याशी थेट संबंध येता कामा नये. तुमच्यापैकी पबमध्ये जाणाऱ्यांना मॉस्को म्यूल माहीत असेल. व्होडका, जिंजर बिअर, लिंबू आणि तो चकचकीत तांब्याचा मग! २०१७ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या मद्य खात्यानं पत्रक काढून सांगितलं, की बाबांनो, या मगला आतून दुसऱ्या धातूचं अस्तर हवं. माझ्या आजीनं आयोवाचं नावही ऐकलेलं नाही. पण अस्तर कशाचं हवं, हे तिला पाठ आहे. कथलाचं. म्हणजेच कल्हई.

आता गैरसमज नको. साध्या पाण्यासाठी तांबं वाईट असं मी म्हणत नाहीये. उलट २०१२ मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी एक छान प्रयोग प्रसिद्ध केला होता. पाण्यात मुद्दाम पटकीचे, हगवणीचे आणि विषमज्वराच्या गटातले जंतू सोडून ते पाणी १६ तास तांब्याच्या भांड्यात ठेवलं. नंतर जंतू सापडले नाहीत आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला २ मिलिग्रॅम या मर्यादेच्या खूपच खाली होतं. म्हणजे देवघराशेजारच्या तांब्याच्या हंड्यात काहीतरी अर्थ होता, बॉस! पण प्रयोग जंतूंवरचा होता. वजन उतरतं, सुरकुत्या जातात वगैरे गोष्टी त्यात कुठेच नाहीत. आणि विल्सन्स डिसीज नावाच्या आजारात शरीराला जास्तीचं तांबं बाहेर टाकता येत नाही. अशा माणसानं या बाटलीच्या वाटेलाही जाऊ नये.

हे सगळं मी एवढं खोदत बसले त्याला कारण घरातलंच आहे.

आमचा वाडा सदाशिव पेठेत. म्हणजे होता. रिडेव्हलपमेंटची बोलणी बारा वर्षं चालली होती आणि मग एकदम सहा महिन्यांत खोल्या रिकाम्या करायची वेळ आली. आजी, वय ८४, आमच्याकडे कर्वेनगरला राहायला आली. तिच्यापाठोपाठ दोन गोणपाटं आली. त्यांत तेवीस नग. पितळेची तपेली, पातेली, परात, वेळणी, एक कासंडी, तांब्याचा हंडा, दोन कळशा, घंगाळ आणि टाकीला पोचा आलेला पाण्याचा बंब. टू बीएचकेमध्ये हे सगळं ठेवायचं कुठे? माळ्यावर आधीच ट्रेडमिल झोपलेली आहे.

आत्यानं निकाल देऊन टाकला, ‘‘मोडीत देऊ. किलोवर चांगले पैसे येतील.’’

‘मोडीत काढणं’ हे आपण सरकारी योजनांपासून नात्यांपर्यंत कशालाही म्हणतो. पण तो शब्द मुळात या गोणपाटातला. जुनं भांडं वजनावर द्यायचं, कारागीर ते वितळवणार, पुन्हा नवं घडवणार. धातू वाया जात नाही. रिसायकलिंग हा शब्द आपल्या पर्यावरणाच्या पुस्तकात यायच्या कितीतरी आधी भांड्यांच्या बाजारात ते चालू होतं. तेव्हा आत्या काही पाप करत नव्हती. आणि आत्याची दुसरी बाजूही ऐका. ती म्हणाली, ‘‘तुला मस्त वाटतंय, कारण तू घासली नाहीस. दहावीच्या अभ्यासातून उठून राख आणि चिंच घेऊन बसायचे मी मोरीत. थंडीत हाताला भेगा पडायच्या.’’

मला वाटलं, आजी तरी माझ्या बाजूनं बोलेल. नॉस्टॅल्जिया वगैरे. पण आजी म्हणाली, ‘‘स्टील आलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं गं मला. जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून पहिला डबा घेतला तो मी. सासूबाई आठ दिवस बोलल्या नव्हत्या.’’ मग थोडं थांबून, ‘‘तुला ठेवायची असतील तर ठेव. पण माळ्यावर टाकणार असशील तर आजच देऊन टाक. धूळ पुसायला मी नाही.’’

तर मग ठरलं, की जे रोज वापरता येईल तेवढंच ठेवायचं. आजीनं पाच नग बाजूला काढले. दोन तपेली, एक पातेलं, परात आणि तांब्याचा हंडा. बाकीचे आत्याच्या गाडीत. बंबाचं काय करायचं यावर मात्र घरात अजून एकमत नाही.

तपेल्याच्या आत डोकावलं तर मधोमध पिवळे चट्टे. पितळ उघडं पडलं होतं. शब्दशः! कल्हईचा पांढरा थर उडाला, की आतलं पिवळं दिसायला लागतं आणि मग त्या भांड्यात आमटी करायची नाही. माणसाचं पितळ उघडं पडतं तेव्हा आपण तोंड फिरवतो, भांड्याचं पडलं तर कल्हईवाल्याला हाक मारायची. माझ्या लहानपणी वाड्यात तो यायचा. ‘कल्हईऽऽऽ’ अशी आरोळी ऐकली, की बायका भांडी घेऊन चौकात. पण आता हाक मारायची कुणाला? डिलिव्हरी ॲपवर केळ्यांपासून कंडिशनरपर्यंत सगळं दहा मिनिटांत येतं. कल्हई टाइप करून बघा.

मी तांबट आळीत गेले. कसबा पेठेतली ही आळी पेशवाईच्या काळापासूनची, कोकणातून आलेल्या त्वष्टा कासारांची. बोळात शिरलं, की आधी कानाला कळतं. टण टण टण. तांब्याच्या पत्र्यावर एकसारखे ठोके घालून जे बारीक खळगे पाडतात त्याला मठार म्हणतात. दिसायला ते डिझाइन वाटतं, पण त्या ठोक्यांनी धातू घट्ट होतो आणि भांडं टिकतं. पूर्वी इथून बंब आणि घंगाळी बाहेर पडायची. आता दिवे, कुंड्या, हॉटेलच्या लॉबीत ठेवायच्या वस्तू जास्त निघतात. तिथल्या एका कारागिरानं मला कल्हईवाल्या चाचांचा नंबर दिला. ‘‘फोन लावत राहा, उचलतील कधीतरी,’’ या सल्ल्यासकट.

चाचांनी नवव्या वेळी उचलला.

रविवारी सकाळी चाचा आमच्या सोसायटीच्या गेटवर हजर. सायकलला पोतं, त्यात कोळसा, हातानं फिरवायचा भाता, सांडशी, कापसाचे बोळे. वॉचमननं अर्थातच अडवलं. सेक्रेटरींना फोन, आग लागली तर जबाबदार कोण, पार्किंगच्या फरशीचं काय, असं अर्धा तास. शेवटी कंपाउंडच्या कडेला, आंब्याच्या झाडापासून लांब, मातीत छोटा खड्डा करून भट्टी लावायची परवानगी मिळाली. आजी खुर्ची घेऊन खाली येऊन बसली. तिला बघून चाचा एकदम खूश. तिच्यासारखी गिऱ्हाईकं आता फार राहिली नाहीत, म्हणाले.

काम सुरू करण्याआधी आजीनं विचारलं, ‘‘कथील अस्सल आहे ना हो?’’ चाचांनी पिशवीतून चकचकीत कांडी काढली आणि ती माझ्या कानाजवळ आणून वाकवली. कुर्रर्र असा बारीक आवाज आला! कथील वाकवलं की आतल्या स्फटिकांमुळे ते कुरकुरतं. शिसं मुकाट वाकतं. कल्हईत भीती असते ती याच शिशाची. स्वस्तात काम उरकायचं म्हणून कुणी शिसं मिसळलेलं कथील वापरलं, तर तुमचं ट्रॅडिशनल हेल्दी भांडं रोज थोडं थोडं विष वाढणार. लहान मुलांच्या मेंदूला तर शिसं फारच वाईट. तेव्हा कधी कल्हई करून घेतलीत, तर आजीचा प्रश्न न लाजता विचारा.

मग पुढचं सगळं वीसेक मिनिटांचं. भांडं आधी आतून घासून लख्ख केलं. भट्टीवर उलटंसुलटं फिरवत तापवलं. पुरेसं तापलं की नवसागराची चिमूट टाकली, भस्सकन पांढरा धूर उठला, कथलाची कांडी आत टेकवली आणि ती लोण्यासारखी वितळली. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे त्याला फार आर्जवं करावी लागत नाहीत. कापसाच्या बोळ्यानं चाचांनी ते गोल फिरवलं आणि पिवळं तपेलं आतून चांदीचं झालं. खरंच, डोळ्यांसमोर! तोपर्यंत गॅलऱ्यांमधून माणसं वाकून बघायला लागली होती. कुणीतरी रीलही काढला. पाण्यात बुडवल्यावर चर्रर्र. पाच नगांपैकी हंडा मात्र चाचांनी बाहेरून फक्त उजळला. पिण्याच्या पाण्याचं भांडं आतून तांब्याचंच ठेवायचं, कल्हई शिजवायच्या भांड्याला. आजी आणि चाचा, दोघांनी हे एकाच वेळी मला सांगितलं.

त्या पांढऱ्या धुराबद्दल मात्र लिहायलाच हवं. रीलमध्ये तो फार सुंदर दिसतो. पण मी चार फुटांवर उभी होते तरी घसा धरला आणि डोळ्यांतून पाणी आलं. चाचा तोंडाला पंचा गुंडाळून भट्टीवर वाकलेले. चाळीस वर्षं हेच काम. मध्येच खोकल्याची एक लांब उबळ आली. मी काही विचारायच्या आत म्हणाले, ‘‘खोकला आपला पार्टनर आहे बेटा, धंद्यातला.’’ मुलगा कॅब चालवतो. त्याला या कामात आणायचा विचारही चाचांनी केला नाही. ‘केमिकल-फ्री किचन’ असं लेबल आपण मजेत लावतो. आपल्या किचनमध्ये नसलेलं केमिकल कुणाच्या तरी छातीत गेलेलं असतं, हे त्या लेबलवर कुणी छापत नाही. मास्क, उघडी जागा आणि चार पैसे जास्त, एवढं तरी आपण देऊ शकतो. पाच भांड्यांचे मिळून चाचांनी जेवढे सांगितले, तेवढ्यात वीकएंडला दोघांचा ब्रंचही होत नाही. आम्ही घासाघीस केली नाही. आजीनं मात्र सवयीनं थोडी केली.

आता या गोष्टीला सहा महिने झाले. पितळेच्या तपेल्यात आमटी आणि वरण होतं. फरक जाणवतो का? आमटीची चव ‘अमृतासारखी’ वगैरे झालेली नाही, उगाच कशाला खोटं सांगू. पण ती खाली लागत नाही आणि सगळीकडून सारखी उकळते, हे खरं. स्टीलपेक्षा तांबं साधारण २५ पट आणि पितळ ७ पट चांगलं उष्णता वाहून नेतं, त्याचाच हा परिणाम. गॅस बारीक ठेवूनही काम भागतं. इंडक्शनवर मात्र ही भांडी चालत नाहीत. तुमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये फक्त इंडक्शन असेल तर तो विषय तिथेच संपला.

फोडणी आजी तपेल्यात करू देत नाही. ती लोखंडी पळीत करायची आणि वरून ओतायची. मला आधी हे जुन्या माणसांचं खूळ वाटायचं. पण तेल कडकडीत तापलं, की ते कथलाच्या वितळण्याच्या जवळपास पोचतं आणि कल्हई जाते. कोरडं भांडं गॅसवर विसरलं तरी तेच. म्हणून फोडणी लोखंडात, भाकरी लोखंडी तव्यावर, लोणचं चिनी मातीच्या बरणीत, पाणी तांब्यात, आमटी कल्हईच्या पितळेत. प्रत्येक पदार्थाला त्याचं घर ठरलेलं. आपण यातली फक्त बाटली उचलली आणि बाकीचं सगळं तिथेच ठेवून आलो. काशाच्या वाटीचंही तेच. आई ती तूप लावून तळपायाला घासायची, आता मॉलमध्ये तिचं मशीन आहे, दहा मिनिटांचे वेगळे पैसे. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

आमच्या कामाच्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, ‘‘ताई, पितळ घासायचं असेल तर वरचे दोनशे.’’ आत्या हे ऐकून जाम खूश झाली. दोनशे आम्ही देतो. बाहेरून पितळ रोज चकाकलं पाहिजे हा हट्ट मात्र सोडला. आतली कल्हई तारेच्या घासणीनं घासायची नाही, एवढा एकच नियम. रविवारी बाहेरून चिंच-मीठ लावायचं काम माझं आणि बाबांचं. बाबा ते पेपर वाचत करतात, त्यामुळे आमच्या घरी रविवारच्या पुरवण्यांना चिंचेचा वास असतो.

आमचे दोन नॉनस्टिक तवे या काळात बाद झाले. कोटिंगला चरे पडले, की तो तवा संपला. परत कोटिंग लावायला दारावर कुणी येत नाही. ज्या पीएफओए नावाच्या रसायनाच्या मदतीनं पूर्वी ते कोटिंग बनवत, ते २०१९ मध्ये काही अपवाद ठेवून स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं. नवे तवे त्याच्याशिवाय बनतात असं कंपन्या सांगतात. तरी चरे पडायचे ते पडतातच. भंगारवाल्यानं दोन्ही तवे हातात घेऊन बघितले आणि शेजारच्या स्टीलच्या डब्याचे पैसे दिले.

हिंजवडीवाल्या मैत्रिणीला मी कळकण्याचा सगळा पाठ दिला. तिनं लिंबू काचेच्या बाटलीत शिफ्ट केलं आणि तांब्याच्या बाटलीत नुसतं पाणी. ग्लो तेवढाच आहे, असं तीच म्हणाली.

मागच्या रविवारी चाचा पुन्हा आले. आमच्या एका तपेल्याचा तळ परत पिवळा दिसायला लागला होता. या वेळी मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच मेसेज टाकला होता. वाटलं, कोण कशाला येतंय. पण बी विंगमधून सात घरांची भांडी खाली आली. कुणाच्या आईचं पातेलं, कुणाचं लग्नातलं तपेलं, एकीची तर भातुकलीची पितळी भांडी, सगळ्यांची मिळून रांग लागली. मी चाचांसाठी चांगला मास्क आणून ठेवला होता. त्यांनी तो दहा मिनिटं लावला आणि मग गळ्यात अडकवला. सेक्रेटरी स्वतः पाण्याची बादली घेऊन उभे, आग लागलीच तर म्हणून.

सगळ्यात शेवटी चौथ्या मजल्यावरचे काका आले. त्यांच्या हातात चरे पडलेला नॉनस्टिक तवा. ‘‘याला होईल का हो काही?’’

चाचांनी तवा उलटा केला, सुलटा केला, नखानं थोडं खरवडून बघितलं. मग तो काकांच्या हातात परत देऊन भट्टीवर पाणी ओतलं.